वर मालूबाई, खाली चुडामण

पडदा वर जातो तेव्हा रंगभूमी जवळजवळ मोकळीच आहे. बऱ्हाणपूरबाहेरचं माळरान, चैत्रातली सकाळ आणि शहराच्या दिशेनं ओळीनं गेलेल्या दगडी कुंड्या, विहिरीसारख्या गोल. एका कुंडीच्या काठाशी कासोटा आवळलेली बाई पाय रोवून उभी आहे. तिच्या हातातला दोर खाली अंधारात गेला आहे. नायक दिसत नाही. त्याचा आवाज तेवढा जमिनीच्या पोटातून येतो : "चाल वं पुढं."

बाई दोर वर ओढते, पुढच्या कुंडीपर्यंत चालत जाते आणि तिथं तो पुन्हा खाली सोडते.

चुडामणला मी असा आधी ऐकला, पाहिला नंतर. सन १९१७. आमची नाटक मंडळी गावात मुक्कामाला होती. मी चोवीस वर्षांचा, स्त्रीभूमिका करणारा. सकाळी गळा मोकळा करायला माळावर जायचो.

सातपुड्याचं पाणी या कुंड्यांच्या तळाशी असलेल्या बोगद्यातून शहरातल्या लोधीपुरा, बुधवारा या वस्त्यांत येई. पाण्यात चुना असे. तो भिंतींवर धरत जाई आणि बोगदा अरुंद होई. म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी तो खरवडावा लागे. चुडामणच्या आजापासून हे काम त्यांच्या घरात होतं, मजुरी सरकारी कचेरीतून मिळे. पहारीच्या एका ठोक्यावरून थर किती बोटं आहे ते तो सांगे. खालून तो एका कुंडीपासून दुसरीपर्यंत सरपटत जाई, वरून त्याची बायको मालूबाई चाले. मधल्या वाटेत त्याचा आवाज येत नसे. तेवढा वेळ ती पुढच्या कुंडीत त्याला वर यायला दोर उतरवून, टोक हातात धरून उभी राही. तिनं अठरा वर्षांत तो कधी खाली ठेवला नव्हता.

त्या साली दोन-चार कुंड्याच झाल्या आणि काम थांबलं. कचेरीतले कारकून शालिग्राम यांनी त्याला बोलावून सांगितलं, "यंदा मंजुरी नाही, चुडामण. लढाई चालू आहे. दुरुस्त्या थांबवा, पैसा लढाईच्या फंडात भरा, असा वरून हुकूम आहे."

"लढाई हाये हे चुन्याले कोन सांगीन, मुन्शीजी?"

"दवाखान्याची खोली थांबली, सुईणीची जागा थांबली. तुझ्या एकट्याचं नाही."

"मी कुठं माझं म्हनतो? पानी लोधीपुऱ्याचं हाये."

वैशाखात लोधीपुऱ्याची धार करंगळीएवढी झाली. बुधवाऱ्यात लोक तापीच्या डबक्याचं पाणी पिऊ लागले आणि लेकरांना जुलाब लागले. दोन दगावली.

त्याच सुमारास सरकारनं आमच्या मंडळीला तीन खेळांचे पैसे दिले. मांडव, बत्त्या, सगळा खर्च सरकारचा. अट एवढीच की शेवटी एक प्रवेश जोडायचा : आई आपला एकुलता मुलगा लढाईवर धाडते. आई मी होतो. मांडवात हुंदके उठले आणि ते मला गोड लागले. हे लपवून काय करू.

दुसऱ्या सकाळी चुडामण माझ्या बिऱ्हाडी आला. दारातूनच म्हणाला, "बाई, काल तुमी पोराले धाडलं. मले एवढं सांगा, गेलेल्याच्या घरी पगार खरंच येतो का?"

मला माझी भाषणं पाठ होती, त्यापुढचं काही ठाऊक नव्हतं. मी त्याच्याबरोबर कचेरीत गेलो. दुरुस्तीला नाही म्हणालेलं टेबलच आता भरतीचं होतं आणि त्यामागे शालिग्रामच बसले होते. फक्त वही नवी होती.

"समुद्रापार, बसऱ्याच्या आघाडीवर मजूर हवेत," ते खाली बघत म्हणाले. "चर खणायचे. चरात पाणी शिरतं, ते उपसून टाकायचं."

"पानी काढून फेकाचं?"

"हो."

"त्याले सरकारपाशी पैसा हाये."

शालिग्रामनी वहीचं पान सारखं केलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "इथल्या अडीचपट. अर्धा पगार घरी मिळतो. मी स्वतः पाहीन."

चुडामणनं बोटांवर हिशेब केला. "अर्ध्यात दोन मानसं अन् दिव्याचं तेल भागते," तो म्हणाला.

"दोन माणसं कशाला?"

"कुंड्याइले." आणि त्यानं अंगठा पुढं केला.

घरी मालूबाईनं त्याला उभा फाडला. "गावाच्या तहानेपायी कोनी नवरा देते का? त्या नाटकवाल्याले धाड ना, लई रडत होता." मी अंगणातच होतो. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी तिनं दोर काढला, हातानं मापला आणि म्हणाली, "मानसं वर ठेवजा. खाली मी जाईन. वरून अठरा वर्सं चालली मी, खालचं सारं मले ठाऊक हाये."

तसंच झालं. पगार येत गेला आणि मालूबाई पहार घेऊन उतरत गेली. पहिले आठ दिवस दोर धरणाऱ्यांत मीही होतो. तळहात सोलले, पण माझ्या आयुष्यातली ती एकच भूमिका अशी, जिथं प्रेक्षक नव्हते. आषाढाआधी लोधीपुऱ्याची धार पुन्हा मनगटाएवढी झाली.

माघात कागद आला. चुडामण बसऱ्याला तापानं गेला. शालिग्रामनी तो कागद स्वतः घरी नेला आणि त्यांनाच वाचवेना. पगार बंद झाला. पुढचे दोन उन्हाळे मालूबाई दीर लोटूला वर उभा करून फुकट उतरली. लढाई संपल्यावर शालिग्रामनी साहेबापुढं रोज उभं राहून मंजुरी परत मिळवली, तोवर तिचे केस चुन्यासारखे झाले होते.

माझ्या डोळ्यांपुढं मात्र राहिलं आहे चुडामण निघाला त्या दिवशीचं बऱ्हाणपूरचं लालबाग स्टेशन. गाडी सुटायला आली होती. भरतीच्या लोकांना हार घातले होते, बँड वाजत होता, तोही सरकारचाच. चुडामणनं हार काढून माझ्या हातात दिला आणि खिडकीतून वाकला. मालूबाई वर बघत नव्हती.

"ऐक वं," तो म्हणाला. "दोर सोडजो नको. आवाज नाई आला, तरी खाली मानूस हाये असंच समजजो."