वाकड्या हँडलचा हट्ट

ये गं, जवळ बस अशी. सायकल घ्यायची म्हणतेस आणि दुकानात जाऊन नुसते रंग बघून आलीस? शहाणीच आहेस. आमच्या जोगेश्वरीच्या सायकलवाल्या मिस्त्रींनी तुला दारातूनच परत पाठवलं असतं.

ते गिऱ्हाइकाला आधी स्टुलावर बसवायचे. "डोळे मिटा, हात पुढे करा." हात आपसूक थांबतील तिथे हँडल हवं, एवढंच त्यांचं शास्त्र. भलेभले हेडक्लार्क रस्त्यावर तसे बसलेले असत आणि नळावरच्या आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसायचो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. ह्यांना अंधेरीच्या कचेरीत जायला सायकल घ्यायची ठरली. दुकानात दोन होत्या. एक उंच हँडलची, स्प्रिंगच्या रुंद सीटची. दुसरी शर्यतीची, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. कचेरीतल्या एकाकडे तसलीच होती, म्हणून माझा जीव तिच्यावर. ह्यांचे हात छातीपासून वीतभर जाऊन थांबले. मिस्त्री हळूच म्हणाले, "वहिनी, उंच हँडलची न्या. भाऊंची पाठ दुखते, बोलत नाहीत इतकंच."

माझ्या नवऱ्याची पाठ, ती मला ठाऊक नाही आणि ह्या परक्या माणसाला ठाऊक? चारचौघांत म्हटलं, "न खपलेला माल आमच्या गळ्यात मारताय." मिस्त्रींनी शर्यतीची सायकल फडक्यानं पुसून दिली. हे ती घेऊन निघाले.

चार महिन्यांनी एका सकाळी ह्यांना अंथरुणातून उठवेना. सायकल रस्त्यावर दिसेना म्हणून तिसऱ्या दिवशी मिस्त्री आपणहून आले, उंच हँडल आणि रुंद सीट घेऊन. अंगणात उन्हात बसून बदलत होते. हे आतून म्हणाले, "अगं, त्यांना पाणी तरी दे." मी न ऐकल्यासारखं करून तांदूळ निवडत बसले. राग नव्हता गं. तोंड कसं दाखवू, हेच कळेना. जाताना मिस्त्री दाराबाहेरूनच म्हणाले, "वहिनी, सीट नवी आहे, आठ दिवस कडक लागेल."

दिवाळीला करंज्या घेऊन जाईन म्हटलं, मग संक्रांतीला तिळगूळ. शेवटी मी गेले तेव्हा दुकानाच्या जागेत पानवाला बसला होता. मिस्त्री गावी गेले म्हणाला. कुठल्या गावी, ते त्याला माहीत नव्हतं. पुढे वीस वर्षं हे त्या सायकलवर फिरले, एकदाही पाठीचं नाव काढलं नाही. त्या सायकलकडे बघताना माझीच मान खाली जायची.

उशीर करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. त्यात आता जिनाही उतरवत नाही मला. तेव्हा पुन्हा भेटायला तूच लवकर ये गं. ह्या रविवारीच ये.