नातीच्या शोरीलमधलं टोपलं

माझी बायको गेल्या पोळ्यानंतर आठ दिवसांनी गेली. दिवाळी झाल्यावर नात लॅपटॉप घेऊन माझ्याकडे राहायला आली. माझ्या पोराची पोरगी, घर कारंजाला. म्हाताऱ्याच्या सोबतीला आली असं गावातले म्हणत होते. तसं काही नव्हतं. त्यांच्या दोन खोल्यांत सहा माणसं, तिला कामाला जागा पाहिजे होती. तिनंच मला तोंडावर सांगितलं. मला बरं वाटलं. कोणी माझी कीव करायला आलं की माझं डोकं फिरते.

तिचं शिक्षण म्हणजे कार्टूनमधली माणसं हलवायचं. अमरावतीला दोन वर्षं शिकली. स्टुडिओत नोकरी पाहिजे तर शोरील पाठवावं लागते. शोरील म्हणजे आपल्या हातच्या कामाचा मिनिटभराचा नमुना. दोन स्टुडिओंनी तिला नाही म्हटलं होतं. तिसरा पुण्याचा, तो महिना संपेपर्यंत शोरील घेणार होता. तिथंही जमलं नाही तर कारंजातल्या फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर करायला बसायचं, असं तिनं बापाला कबूल केलं होतं. बाप वाईट नाही. खूप थांबला तो.

नाही म्हणणाऱ्या एकानं कारण लिहिलं होतं, हालचाल हलकी वाटते.

"हलकी म्हंजे?" मी विचारलं.

"माणसाले वजनच नाही वाटत, आबा. हवेत तरंगून राह्यला असं वाटते."

"मंग टाक ना वजन."

"कुठून टाकू? तेच तर समजून नाही राह्यलं."

चार दिवस मी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिचं ती, माझं मी. सकाळी वांग्याला पाणी सोडायचं, आल्यावर भाकर टाकायची. बायको गेल्यावर भाकर शिकलो, अजून गोल होत नाही. पाचव्या दिवशी तिनं हाक मारली, "आबा, हे पाहा जरा."

पडद्यावर एक टकली बाहुली होती.

"बाईमाणूस न् बोडखी?"

"बाहुली तयारच भेटते, आबा. सगळ्यायले तीच. केस कोनी पाहात नाही, चाल पाहातात. आजी टोपलं घेऊन निंगायची ना, ते करून राह्यली मी."

बाहुली वाकली, जमिनीवरचं टोपलं दोन हातांनी उचललं, डोक्यावर ठेवलं न् चालू पडली.

"टोपलं रिकामं हाये काय?"

"भरलेलं हाये. वांगे हायेत."

"वांगे नाही, कापूस हाये. पंचवीस किलोचं टोपलं बाई एकटी उचलन काय? मान मोडन तिची. उचलाले दुसरं माणूस लागते."

तिचं तोंड उतरलं. आमच्याकडे भाजीवाल्या घरात ही गोष्ट शेंबड्या पोराला माहीत असते. पण ती कारंजात वाढली, सुट्टीत यायची तेव्हा आजी डोक्यावर टोपलं घेऊन चाललेलीच दिसायची. उचलताना हिनं कधी पाहिलंच नव्हतं. आता तर भाजी प्लास्टिकच्या कॅरेटात जाते, रस्त्यावर ऑटो उभा राहतो.

"मंग तुमी करून दाखवा," म्हणाली न् मोबाईल काढला.

मी रिकामं टोपलं घेऊन नाटक केलं. ती हसायला लागली. "आबा, तुमचं तं माह्यापेक्षा हलकं हाये!" खरं होतं. मी डोक्यावर ओझं घेतलंच नाही कधी. गडीमाणूस खांद्यावर पोतं घेतो. डोक्यावर कापडाची चुंबळ न् चुंबळीवर टोपलं, ते बाईचं काम. मी चाळीस वर्षं फक्त टोपलं उचलायला हात लावला.

शेजारची वहिनी अजून टोपल्यानंच मेथी न् वांगे रस्त्यापर्यंत नेते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिच्या वावरात गेलो. नातीनं मोबाईल धरला. वहिनी लाजली, मग म्हणाली, "पुण्याच्या लोकायले माहं टोपलं पाहून काय भेटन वो, बाई?"

"मले नोकरी भेटन, काकू."

"मंग घे बापा काढून." वहिनीनं डोक्यावर चुंबळ ठेवली, टोपल्याशी वाकली न् माझ्याकडे पाहिलं. "या भाऊजी, लावा हात."

पोळ्यानंतर मी कोणाच्या टोपल्याला हात लावला नव्हता. गेलो. तिनं इकडून धरलं, मी तिकडून. टोपलं गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत, मग एका झटक्यात वर. ती खाली सरकली, टोपलं डोक्यावर बसलं. मी हात काढला. ती जराशी उभी राहिली न् निघाली.

घरी येऊन नातीनं ते हळू करून लावलं. एका सेकंदाची चोवीस चित्रं होतात म्हणे, एकेक करून पाहता येतात. तिनं मोजलं.

"आबा, तुमी हात काढल्यावर काकू एकोनीस चित्रं जागेवरच उभी हाये. फक्त मान जराशी हालते न् पायाची बोटं पसरतात. पाह्यलं? मी हेच टाकलं नव्हतं. टोपलं बसलं की लगेच चालवत होती मी."

मी पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं.

त्या तेवढ्याच वेळात मी रोज बायकोवर खेकसत होतो. चाल ना, उभी काय राह्यली, शेलूबाजारची जीप निंगून जाईन. मला वाटे, बाई आळस करते. ती ओझं मानेवर बसवत होती. चाळीस वर्षं तिच्या समोर हातभर अंतरावर उभा होतो मी, न् मला दिसलं नाही. हे मी नातीला सांगून टाकलं.

"मंग आजी काय म्हने?"

"काय म्हनन? तुमी घ्या एकडाव डोक्शावर, मंग बोला, म्हने."

"घेतलं काय?"

"नाही."

तिनं तो तुकडा पुन्हा लावला. मी उठून वावरात गेलो.

पुढचे नऊ दिवस तिनं तेवढंच काम केलं. एका तुकड्यात एकच माणूस ठेवावं, दोन ठेवले की चुका दुप्पट दिसतात, असं तिच्या सरांनी शिकवलं होतं. तिनं तरी दुसरी बाहुली घातली, हात लावायला. तीही टकली. तिला माझ्यासारखा पांढरा सदरा चढवला.

"हा मी काय?"

"हो."

"माहं पोट एवढं हाये?"

"कमी केलं, आबा. खरं याच्याहून मोठं हाये."

जुन्या शोरीलमध्ये आणखी तीन तुकडे होते. एक नाच, एक चेंडू, एक कुत्र्याला भिऊन पळणारा माणूस. तिला ते मागं जोडायचे होते, मिनिट भरावं म्हणून. मी म्हटलं, "आपन वर चांगले वांगे मांडतो न् खाली किडके ठेवतो. गिऱ्हाईक काय करते? सरळ तळाशी हात घालते. काढून टाक ते." एक दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग तीनही काढले. शोरील उरलं अर्ध्या मिनिटाचं. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी पाठवलं.

पाठवताना तिनं मला बटण दाबायला सांगितलं. मी म्हटलं, तूच दाब, नाही झालं तं माह्या नावानं खडे फोडशीन.

बारा दिवसांनी पुण्याहून फोन आला. स्टुडिओतली एक बाई बोलत होती. टोपलं बसल्यावरचा तो थांबा कुठून घेतला, असं विचारत होती. नात म्हणाली, वावरातून. मग तिला एक परीक्षा दिली, त्यात पास झाली. सहा महिने शिकाऊ, पुढं पाहू म्हणाले. बाप पोचवायला गेला.

आता तिला तिथं दिलंय एका अस्वलाचं शेपूट. अख्खं अस्वल दुसरे लोक करतात, हिच्याकडे तेवढंच शेपूट. दोन महिने झाले.

मी फोनवर विचारतो, "हाललं काय वो शेपूट?"

"हाललं आबा, पन मोठ्या सरायले पसंत नाही. उद्या पुन्हा."

"अस्वलाले शेपूट असते तरी केवढं!"

"म्हनून तं कठीन हाये," म्हणते न् फोन ठेवते.