बी साईडचं तिसरं गाणं

गाण्यातलं मला कळतं. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढं गुरं राखली, पण कुणाचा सूर चढला आणि कुणाचा पडला हे गावातले लोक मलाच विचारतात. नाही विचारलं तरी मी सांगतो. महादेवाच्या देवळात सोमवारच्या भजनाला चाळीस वर्षं टाळ धरलाय. तेवढ्या काळात पेटीवाले तीन झाले. पहिला बरा होता. दुसरा डोळे मिटून वाजवायचा, उघडले की भलत्याच पट्टीत असायचा. आताचा मोबाईलमध्ये बघून वाजवतो. त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

माझ्या कॅसेटी पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. कव्वालीच्या जास्त. कव्वाल अंगानं जाडा असावा. बारीक कव्वालाचा आवाज वरच्या सुराला फाटतो, मग तो टाळ्यांवर वेळ काढतो. एक जण दर कडव्यात स्वतःचंच नाव घुसडतो. अरे, कव्हरवर लिहिलंय की, आमाला काय वाचता येत न्हाई का? गझलवाल्या मंडळींना आधी नीट जेवायला घालावं आणि मग गायला बसवावं, म्हणजे निम्मं दुःख जाईल. लग्नात डीजेवर जे वाजतं त्याला मी गाणं धरत नाही. आमच्या घराचे पत्रे थरथरतात. पत्रे तर वावटळीनंसुद्धा थरथरतात.

बायको माझ्यासोबत चाळीस वर्षं हेच सगळं ऐकत आली. तिची पारख वेगळी होती. एखादा गायला लागला की चुलीपुढून म्हणायची, "ह्यो गडी उपाशी पोटी गायलाय." नाहीतर म्हणायची, "हिला सासरी कुणी बोलू देत नसंल, म्हणून हितं एवढं वरडायलीय." मी म्हणायचो, "तुला गाण्यातलं काय कळतंय?" ती म्हणायची, "मला माणसातलं कळतंय." ती भाकरी थापायची आणि मी कॅसेट उलटायचो.

तिनं सगळ्या जन्मात एकच कॅसेट स्वतः विकत घेतली. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो, तिथल्या गाड्यावर. कव्हर उन्हानं उडालेलं होतं. एका बाईची नथ तेवढी दिसत होती. कॅसेटच्या ए साईडला एक शाहीर निघाला. आवाज कसा, तर दाराचा लोखंडी अडसर ओढल्यासारखा. त्याच्यावर मी खूश. ही कॅसेट लय वेळा लागली ती त्याच्यामुळं. बी साईडला नथवाली बाई होती. तिची पहिली दोन गाणी चालण्यासारखी. तिसरं सुरू झालं की मी उठायचो.

ते तिसरं गाणं म्हणजे रडणं होतं. मयतीला बायका हेल काढून, मेलेल्याचं एकेक सांगत रडतात ना, तसं. बाई नवऱ्यासाठी रडतीय, तुमच्यामागं आता मी कसं करू म्हणतीय. मी म्हणायचो, हे ऐकायला घरी कॅसेट कशाला लावायची, गावात महिन्याला एखादं होतंच की. मी बैलाला पाणी दाखवायला जायचो. पुढं बैल विकला, तर चौकात चहाला जायचो. परत येईपर्यंत गाणं संपलेलं असायचं आणि ही पदर तोंडाला लावून हसत असायची.

"कशाला हसायलीस?"

"काई न्हाई. गाणं संपलं."

मला वाटायचं, रडगाणं संपलं म्हणून हिला बरं वाटत असंल.

मागच्या वर्षी आषाढात एके दुपारी तिनं तीच कॅसेट लावली होती. माझा गुडघा सुजलेला, चौकापर्यंत जाणं होईना. तिसरं गाणं लागलं. मी बाजेवरून म्हणालो, "बंद कर ते. कोण मेलंय का घरात?"

"आवो, एवढं एक होऊ द्या की आज. आज घरी हायत तर ऐका तुमीबी."

"बंद कर म्हणलं ना."

तिनं बटण दाबलं. खट्ट झालं. ती मेथी निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छातीत कळ आली. जीप करून परभणीला नेलं. दिवस मावळायच्या आत आणली. आमच्यात माती देतात, बसवून. तिची बहीण लय रडली, हेल काढून. मी बाजूला बसलो होतो. तिचा सूर काही लागत नव्हता. हे मला तिथंसुद्धा कळलं. कान आहेत, बंद करता येत नाहीत.

त्यानंतर टेपला मी कुणाला हात लावू दिला नाही. फीत तिनं थांबवली होती, अर्ध्या गाण्यात. म्हणजे मी थांबवायला लावली होती, पण बोट तिचं होतं. पुढं वाजवली असती तर ती जागा गेली असती. मागं घेतली असती तरी गेली असती. त्या घरात बाकी काहीच तिनं ठेवलेल्या जागेवर राहिलं नाही. डबे हलले, चूल गेली. मुलीनं गॅस पुढच्या खोलीत आणला, कारण म्हातारा माणूस आत काय करतोय ते दिसलं पाहिजे. राहिली ती फीत.

यंदा पंचमीला मुलगी आली. फडकं घेऊन टेपकडं निघाली.

"हात लावू नको."

"आप्पा, नुसतं वरून पुसते."

"नको म्हणलं ना."

तिनं खाली वाकून टेपच्या काचेतून बघितलं. "आप्पा, आत पांढरं पडलंय. कॅसेटीला बुरशी आलीय."

मी चष्मा लावून बघितलं. आली होती.

दुसऱ्या दिवशी टेप टॉवेलात गुंडाळून पाथरीच्या जीपमध्ये बसलो. शेजारचा गडी म्हणाला, "मामा, इकायला चाललाव का? भंगारवाला बी घेणार न्हाई आता."

"दवाखान्यात न्यायलोय," मी म्हणालो.

पाथरीत पूर्वीचा एक रेडिओ दुरुस्तीवाला आहे. आता मोबाईलची कव्हरं विकतो, पण स्टूल तेच आहे. त्यानं काचेवर बोट ठेवलं. "चचा, एकीच जगा पे कित्ते दिन से है?"

"सालभर."

"फिरायेच नै?"

"न्हाई."

"फीत फिराना पडता, चचा. ऐसीच रक्खे तो चिपक जाती. फिर गाना बी गया, फीत बी गई."

मी टॉवेलाची घडी घालायला लागलो. त्याला वाटलं मला समजलं नाही. मला समजलं होतं. जागा राखली तर गाणं जाणार होतं, आणि गाणं राखलं तर जागा. फीत किती फिरली ते सांगणारे टेपच्या काचेजवळचे आकडे त्यानं दाखवले. ते लिहून घ्या, साफ करून पुन्हा तिथंच आणून देतो, म्हणाला.

"तिथं तुमी आणचाल," मी म्हणालो. "तिनं आणलेली न्हाई ऱ्हाणार."

त्यानं कापूस स्पिरिटात भिजवला, कॅसेट काढून जेवढी बाहेरून दिसत होती तेवढी पुसली, परत बसवली आणि टेप माझ्याकडं फिरवला. "तुमीच दबाओ."

मी बराच वेळ दाबलं नाही. एक बाई कव्हर घ्यायला आली, रंग आवडला नाही म्हणून गेली. मग दाबलं.

गाणं अर्ध्या शब्दातून सुरू झालं. जो शब्द माझ्यामुळं तुटला होता त्याचाच उरलेला तुकडा. बाई रडत होती. नवऱ्याचं सगळं सांगत होती, तो कसा जेवायचा, कसा घोरायचा, भाजीत मीठ कमी पडलं की कसा ताट सरकवायचा. मी खाली बघत बसलो. बाईनं शेवटचा मोठा हेल काढला आणि ढोलकी थांबली. तेवढ्यात एक पुरुषाचा आवाज आला. शाहिराचाच. नवरा मेलेलाच नव्हता. जेवून आडवा झाला होता. तो उठून बसला आणि बायकोला म्हणाला, रडायचं तर सुरात रड.

मग ढोलकी सुटली. बाईनं त्याच्यावर अशी झोड उठवली की दुरुस्तीवाला स्टुलावरून हसायला लागला. "क्या औरत है, चचा!" म्हणून त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याचं हसणं थांबलं. माठातलं पाणी आणून दिलं. मी अर्धं प्यालो, अर्धं सदऱ्यावर सांडलं.

एवढी वर्षं ती ह्याच्यावर हसत होती. मी चौकात चहा पीत असताना. आणि त्या दुपारी तिला वाटलं होतं, आज हे घरी आहेत, आज ऐकतील.

फीत संपली, बटण आपोआप वर आलं. पैसे घेईना तो. मी दोन कव्हरं घेतली, मुलीला आणि जावयाला. कुठल्या मोबाईलची आहेत ते माहीत नाही.

घरी टेप जुन्या जागी ठेवला. फीत मागं घेतली नाही, आहे तशी शेवटाला आहे. परवा मुलीनं फोनवर विचारलं, "आप्पा, आईचं गाणं ऐकलं का? कसं हाय?"

मी सांगितलं, ढोलकी थोडी जास्त वाजलीय. गाणारीचा सूर पक्का हाय. नवऱ्याला गाण्यातलं काही कळत नाही.