सवाष्णींच्या पाटावरून उठलेल्या शरयूताई

ॲडव्होकेट शरयूताई राऊत यांची आणि माझी पहिली भेट २०१४ सालची, आणि त्या भेटीतच त्यांनी मला हादरवून सोडले. पालघर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, माझी सनद कोरी करकरीत होती आणि डहाणूच्या कोर्टाजवळच्या त्यांच्या कार्यालयात मी त्या सकाळीच रुजू झाले होते. समोर चिखल्याच्या कल्पनाबाई बसल्या होत्या. नवरा पिऊन मारायचा. सोबत आलेले त्यांचे वडील म्हणाले, "आमाला फारकत पायजे." ताईंनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी कल्पनाबाईंना सरळ विचारले, "तुला दुसरं लग्न करायचंय?"

बापासमोर लेकीला असला प्रश्न! कुठे बघावे ते मला कळेना. कल्पनाबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "नाय वो. मला रातची झोप पायजे. आनि सासू माज्याजवल राते. फारकत घेतली तर ती माजी कोन?"

"मग घटस्फोट कशाला मागतेस? वेगळं राहण्याचा हुकूम मागू," ताई म्हणाल्या. न्यायिक विभक्तता मी परीक्षेपुरती पाठ केली होती. त्या दिवशी ती प्रथमच समजली. लग्न कायम राहते, नाती राहतात, दोघांपैकी कोणालाही दुसरे लग्न करता येत नाही. फक्त एकत्र नांदण्याची सक्ती उरत नाही. ज्याला पुढे मोकळे व्हायचे असेल त्याला घटस्फोटाचा रस्ता खुला असतोच. ताई हे सगळे भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज समजावून सांगत.

दावा दाखल करण्याआधी पक्षकाराचे घर पाहायचे, ही त्यांची पद्धत. कोर्टातले इतर वकील त्यावरून त्यांची थट्टा करत. ताई चिखल्याला गेल्या, कल्पनाबाईंच्या सासूबाईंशेजारी बसून वाल सोलू लागल्या आणि वाल संपेपर्यंत मुलाच्या मारहाणीची सगळी हकीकत त्या माउलीनेच सांगितली. पुढे कोर्टात तिनेच पोटच्या मुलाविरुद्ध साक्ष दिली. हुकूम झाला. नवरा जवळच्या आगर गावी होड्यांपाशी खोली घेऊन राहू लागला, सासू सुनेजवळच राहिली.

ताईंच्या मायेबद्दल लिहायचे तर तलासरीच्या आतल्या गावांतून उपाशीपोटी आलेल्या बायकांसाठी त्या रोज जादा भाकऱ्या आणत. मी एकदा नको म्हटले तर म्हणाल्या, "खा मुकाट्याने. उपाशी वकील चिडका होतो." आणि हे सांगत होते कोण, तर भुकेच्या वेळी ज्यांना अख्खे कोर्ट टरकून असे त्या ताई!

त्यांचे यजमान नोकरीनिमित्त गुजरातेत असतात, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. ताईंच्या गळ्यात मंगळसूत्र होते, कपाळावर कुंकू होते. अधिक काही विचारायची कोणाची छाती नव्हती.

२०१८ साली कल्पनाबाईंच्या मुलीचे लग्न ठरले. हळदीला आम्ही दोघी गेलो. मांडव भरलेला, पाच सवाष्णी पाटावर बसायच्या होत्या आणि पहिला मान ताईंचा होता. दुसऱ्या पाटावर कल्पनाबाई बसायला गेल्या, तोच नवरीची आत्या कडाडली, "ती नको! कोर्टात जाऊन वेगली झालेली बाय. नांदत नाय नवऱ्याजवल, ती सवाष्ण कशी?"

वाजंत्री थांबली. आईला स्वतःच्या लेकीची हळद नाकारली जात होती. कल्पनाबाई मागे सरल्या. मला वाटले, आता ताई कायदा सांगतील, लग्न अजून शाबूत आहे म्हणून बजावतील.

ताई पाटावरून उठल्या. हातातली हळदीची वाटी त्यांनी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मग माझाही हात चालणार नाही. माझ्याही लग्नावर असाच हुकूम आहे. कल्पनाचं लग्न झालं नव्हतं, तेव्हापासून."

रोज ज्यांच्या टेबलासमोर बसले, ज्यांचे अर्ज टाइप केले, ज्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली, त्या बाईंबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती! आत्याबाईंच्या हिशेबाने आता ज्यांना पहिला मान दिला त्याच अपात्र ठरल्या होत्या!

तेवढ्यात कल्पनाबाईंच्या सासूबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी ती वाटी उचलली आणि सुनेच्या हातात दिली. "माजी सून हाय ही. पोरीला हलद हीच लावल. मागून ही वकीलबाय लावल. कोनाला नको असल त्याने मांडवाबाहेर जावं." कोणीही गेले नाही. आत्याबाईही नाहीत. नवरी तोवर हुंदके देत होती; आईने हळदीच्या हातानेच तिचे डोळे पुसले.

परतताना रिक्षात मी रागानेच विचारले, "ताई, इतकी वर्षं आम्हाला सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलं नाही. वकिलाकडे येतो तो आपलंच सांगतो," त्या म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "आणि भीती वाटायची गं. लोकांना हिंमत धरा म्हणून सांगायचे, पण स्वतःच्या घरचं सांगायची हिंमत मला नव्हती." ताईंना भीती वाटते, हा मला त्या दिवशीचा दुसरा धक्का होता.

हे या गौरवलेखात लिहू का, असे मी त्यांना विचारले. "लिही की. भर मांडवात बोलले, आता कसलं गुपित?" असे उत्तर मिळाले. आता कार्यालयात नव्या बायका येतात तेव्हा त्यांना कायद्यातला अवघड शब्द आठवत नाही. पदर सावरत, आवाज न चोरता त्या म्हणतात, "आमाला ताईंसारखं करून द्या."

ताई, आपण पंचाहत्तरीत पदार्पण करत आहात. आपल्याला निरोगी, भरभरून आयुष्य लाभो आणि आपल्या आवाजाने आमचे कोर्ट असेच टरकत राहो. एक विनंती मात्र आहे. मनात आणखी काही दडवले असेल तर आम्हाला सांगा. आम्ही हादरू, पण या वेळी आपल्याला एकटीला पाटावरून उठू देणार नाही.