निरशा दुधाचा पेला

सिल्लोडकडच्या आमच्या गावात शेळी अडली की लोक आमच्या ह्यांनाच हाक मारतात. बिरूतात्या! हे लगेच बाह्या सारून हजर. उघड्या हातानं पिल्लू ओढायचं, नाकातला चिकटा तोंडानं चोखून थुंकायचा. मी बोंबलायची, "अहो, हात-तोंड धुवा तरी!" ऐकतील तर शपथ.

दिवाळीनंतर ह्यांना तापानं धरलं. आठ दिवस यायचा, आठ दिवस गायब. घामानं अंथरूण भिजायचं, कंबर हलू देत नव्हती. शेवटी आमच्या रामप्रसादनं, म्हंजे लेकानं, आम्हाला शहरात, उस्मानपुऱ्यात डॉक्टरीणबाईकडं नेलं.

रक्त तपासून बाई म्हणाल्या, "हा शेळ्यांचा जंतू. हाताच्या चिरेतून शिरतो, निरशा, न उकळलेल्या दुधातून शिरतो. रक्तातल्या राखणदार पेशी त्याला गिळतात, पण तो मरत नाही. त्यांच्याच पोटात दडतो अन् वाढतो. म्हणून ताप उतरला तरी सहा आठवडे गोळ्या सोडायच्या नाहीत."

"म्हंजे राखणीच्या कुत्र्यानंच लांडगा पोटाशी धरला म्हणा," हे बोलले. मला हसू आलं.

"घरात कुणी गरोदर आहे का? पोट पडू शकतं," बाईंनी विचारलं, अन् मी ह्यांच्याकडं बघितलं.

आमची सून प्रांजली, पाचवा महिना. हे रोज सकाळी धार काढून फेसाळ पेला तिच्या हातात द्यायचे. वर दम, "उकळायचं नाय, ताकद जाते!"

बसमधी हे सारखे आपल्या हाताकडं बघत होते. "माझ्याच हातानं पाजलं गं," एवढंच म्हणाले.

घरी आलो, पण पोरीला सांगायची दोघांची छाती होईना. रामप्रसाद तिला रविवारी तपासायला नेणार होता. तोवर ह्यांनी पेला देणं सोडलं, तिच्याकडं बघणंबी सोडलं. ती पोटावर हात ठेवायची अन् मी चुलीकडं वळायची.

दुसऱ्या सांजेला तीच रडत आली. "आत्या, मामांना कळलं ना? चुकलं माझं. मला त्या दुधाचा वास सहन होईना. मामांची पाठ फिरली की मी ते चहाच्या पातेल्यात ओतायची."

"अगं, एक घोट तरी पोटात गेला का?"

"नाय, आत्या. तो चहाच सगळ्यांनी प्यायला."

"अन् चहा उकळायचीस?"

"व्हय, चांगला खळाखळा."

मी तिला घट्ट आवळलं अन् सगळं सांगितलं. रविवारी तिचं रक्तबी साफ निघालं.

हे मात्र तिचं बोलणं ऐकून त्याच सांजेला भिंतीकडं तोंड करून हमसून हमसून रडले. ज्यांचा शब्द मोडायची घरात कुणाची हिंमत नव्हती, ते म्हणाले, "पोरी, लई बरं केलंस, माझं ऐकलं नाहीस."