बेटावरची घंटा आणि आजीचा परिच्छेद

"अगं, म्हणजे मिशनच्या गव्हासाठी बाटलेले ना तुम्ही?"

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष काका. भर वीस माणसांत. बायका खाली बघून हसल्या.

जपानात एदोगावा भागात राहणारी आम्ही सात मराठी घरं बोटीने पॅसिफिकमधल्या एका बेटावर सहलीला गेलो होतो. दर सहलीत एकाने जागेची माहिती सांगायची. या वेळी नंबर माझा होता. ऑफिस सांभाळून महिनाभर वाचलं होतं मी. मिशनऱ्यांनी शाळेभोवती वसवलेलं गाव. वादळात पडलेल्या चर्चचं दगडी जोतं. दोन खोल्यांची लाकडी शाळा, समोर खांबाला टांगलेली घंटा. ती पोरं आळीपाळीने वाजवायची. कोळ्याचं पोर असो, गावच्या प्रमुखाचं असो. एवढं सांगून मी म्हणाले, माझी आजी नगरकडे अशाच मिशनच्या शाळेत शिकली. गावच्या शाळेत महाराची पोर म्हणून तिला उंबऱ्याबाहेर बसवायचे. मिशनच्या शाळेत ती घंटा वाजवायची.

त्यावर काकांचं ते वाक्य.

आजी बाटली नव्हती. बाटली असती तरी यांच्या बापाचं काय जात होतं? पण तेव्हा मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

आणि माणसं कोण, तर ट्रेनमध्ये कुणी जपानी शेजारून उठून गेला की ग्रुपवर आठ-आठ दिवस रडणारी. वर्णद्वेष म्हणे. ऑफिसात प्रत्येक जपानी नावामागे आदराचं सान-सान लावत कमरेत वाकतात. जात मात्र गोड्या मसाल्यासारखी बॅगेत नीट गुंडाळून आणलेली.

घरी आल्यावर गणपतीच्या स्मरणिकेसाठी सहलीचा लेख मीच लिहायचा होता. लिहिला, पाठवला. काकांचा फोन आला.

"छान लिहिलंयस. फक्त तो आजीचा परिच्छेद काढ. विषयाला सोडून आहे."

डोक्यात तिडीक गेली.

"काका, आजी त्या शाळेत गेली म्हणून मी इथे बसून लेख लिहिते आहे. परिच्छेद राहील. नाहीतर लेख मिळणार नाही."

"एवढं मनाला लावून घेऊ नये गं."

"मी घेणार."

स्मरणिका माझ्या लेखाशिवाय निघाली. मंडळ मी सोडलेलं नाही. सोडून त्यांची सोय कशाला करू? पुढच्या सहलीत माहिती सांगायचा नंबर काकांचा आहे. मी अगदी समोर उभी राहणार. त्यांचं बोलून झालं की सगळ्यांदेखत विचारणार, काका, तुमच्या आजोबांच्या शाळेत उंबऱ्याबाहेर कोण बसायचं? ते सांगेपर्यंत मी तिथून हलणार नाही.