हॉइट टॅकेट चव सांगत नाही

हॉइट टॅकेटनं सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर आमचं रेडिओ स्टेशन चालवायला घेतलं. दोन्हींत त्याला फारसा फरक वाटत नाही. रस्ता ठरलेला, यंत्र जुनं आणि मागच्यांच्या तक्रारी अखंड चालू.

स्टेशन म्हणजे न्हाव्याच्या दुकानामागची एक खोली. ताकद शंभर वॉट, अँटेना पाण्याच्या टाकीवर. टेकडी ओलांडली की आवाज संपतो. पण टेकडीपलीकडचे लोक तसेही आमचं ऐकत नाहीत. दिवसभर जुनी कंट्री गाणी. तीन मिनिटांत कुणाचा तरी संसार मोडतो आणि चौथ्या मिनिटाला हॉइट हवामान सांगतो, तेही अशा आवाजात, जणू ढग त्यालाच सोडून चाललेत.

आमचा परवाना गावाच्या सेवेसाठीचा, धंद्यासाठीचा नाही. त्यामुळे स्टेशनला मदत करणाऱ्या दुकानाचं नाव सांगायचं, पत्ता सांगायचा, आभार मानायचे आणि गप्प बसायचं. कौतुक नाही, भाव नाही, ‘या’ म्हणून बोलावणंही नाही. या नियमांची वही मिस स्टिल्टनर सांभाळतात. वय चौऱ्याऐंशी. हॉइटला चौथीत त्यांनीच शिकवलं, म्हणून तो अजून त्यांना ‘बाई’ म्हणतो आणि त्या आल्या की ताठ बसतो. एकदा त्याच्या तोंडून ‘अमक्या दुकानातली फावडी मजबूत’ एवढं निसटलं, तर बाईंनी त्याला रेडिओवरच माफी मागायला लावली.

ओलेटा कोम्ब्सचं कॅफेही असंच मदत करतं. सहा वर्षं हॉइट रोज वाचतो, “ओलेटा कॅफे, मेन स्ट्रीट, पोस्टासमोर. आभारी आहोत.” बिल भरल्याच्या पावतीत याहून जास्त ओलावा असतो.

त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली, ओलेटाचा नवरा जाऊन सात. हॉइटच्या मनात काय आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याला स्वतःला ते सगळ्यांत शेवटी कळलं. मंगळवारी काउंटरवर, सुक्या सफरचंदांच्या थरांचा केक अर्धा संपवून, त्यानं धीर केला.

“ओलेटा, शनिवारी बंबवाल्यांच्या हॉलमध्ये नाच आहे. तू जाणारच असशील तर... म्हणजे... माझ्याबरोबर?”

ओलेटानं कॉफीची किटली खाली ठेवली. “सहा वर्षं माझा केक गिळतोयस. रेडिओवर एकदा तरी ‘बरा आहे’ म्हणालास का रे?”

“अगं, नियम आहे तसा.”

“आणि फावड्यांच्या वेळी कुठे गेला होता तुझा नियम?”

“त्याची माफी मागितली ना मी!”

“बघा! फावड्यांपायी माफीसुद्धा मागतो. आधी माझ्या केकबद्दल रेडिओवर बोल, मग नाचाचं बघू.”

आम्ही बाकीचे आपापल्या बश्यांत अतिशय लक्ष घालून बसलो.

हॉइट बाईंकडे गेला. “बाई, एकच शब्द. ‘चविष्ट’.”

“नाही.”

“‘बरा’?”

“‘बरा’ हेही मतच आहे, हॉइट. मत नको. घडलं तेवढं सांग. चौथीतही तुला हेच सांगत होते.”

शुक्रवारी सकाळी कॅफेतला रेडिओ चालू होता. नेहमीचा पत्ता झाला, पण ‘आभारी आहोत’ काही येईना. मग हॉइटनं घसा खाकरला.

“आता फक्त घडलं तेवढं. हे कॅफे सहाला उघडतं. मी सहा वर्षं, रविवार सोडून रोज, सहाला पाच कमी असतानाच दाराशी उभा असतो. सहा वर्षांपूर्वी माझं वजन एकशे साठ पौंड होतं. आज दोनशे आठ आहे. डॉक्टर म्हणाले, थरांचा केक बंद करा. मी डॉक्टर बदलला. आभारी आहोत.”

माझा काटा तोंडाशीच थांबला. ओलेटानं अॅप्रनला हात पुसले.

“दोनशे आठ? खोटारडा मेला. दोनशे वीसच्या खाली भरला तर कॅफे बंद करीन!” म्हणाली आणि तशीच रस्ता ओलांडून स्टेशनकडे निघाली. आम्ही रेडिओचा आवाज वाढवला.

आधी बाई नियमांच्या वहीची पानं उलटत असल्याची सळसळ ऐकू आली. “उद्घोषकाच्या वजनाबद्दल यात काही लिहिलेलं नाही,” त्या शेवटी म्हणाल्या, काहीशा खट्टू आवाजात. मग दार करकरलं.

“उद्या सातला घ्यायला ये,” ओलेटाचा आवाज. “दाढी करून. आणि तो मासे पकडायचा शर्ट घालून आलास तर दार उघडणार नाही.”

“ओलेटा, माइक चालू आहे,” बाई म्हणाल्या.

“असू दे, बाई. गावानं ऐकलं म्हणजे हा शर्टाचं विसरणार नाही.”

पुढे हॉइटनं गाणं लावायचं होतं. त्याला ते सुचेना. चांगले चाळीस सेकंद नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि आमच्यापैकी कुणीही रेडिओला हात लावला नाही.